पांडबा, जनरेटर लाव!

शुभदाबाई कारखानीस दूध आणायला म्हणून घराबाहेर पडल्या आणि एका अनोळखी मुलाच्या वरातीत जाऊन पोचल्या.

चूक त्यांची नव्हती, पायांची होती. कोपऱ्यावर बँडवाल्यांनी ताशा धरला, शुभदाबाईंच्या पायांनी तो उचलला आणि डेअरी डाव्या हाताला राहून गेली. गेल्या कित्येक वर्षांत त्या इतक्या झोकात चालल्या नव्हत्या. नवरदेवाच्या मावशीला वाटलं, या मुलीकडच्या असणार. तिनं हाताला धरून त्यांना पुढे घेतलं, केसांत गजरा माळला आणि "आजी, तुम्ही तर फॉर्मात आहात!" असं कौतुकही केलं. खरं सांगायचं तर शुभदाबाईंना मजा येत होती.

मग चौकात हवालदारानं हात केला आणि ताशा थांबला. त्याबरोबर शुभदाबाईही थांबल्या, अगदी रस्त्याच्या मधोमध. वरात वळून गल्लीत गेली तरी त्या तिथंच उभ्या. समोर बस येऊन थांबली, हॉर्न वाजू लागले, लोक ओरडू लागले, "आजी, चला! उचला पाय!" पण पाय डांबरात रोवल्यासारखे घट्ट. शेवटी बसचा ड्रायव्हर खाली उतरला आणि मोठं कपाट हलवावं तसं त्यांना जपून फुटपाथवर ठेवून गेला. हातातली दुधाची पिशवी रिकामीच होती आणि डोक्यात गजरा होता.

त्याच संध्याकाळी अमोघ, त्यांचा मुलगा, पुण्याहून नाशिकला येऊन थडकला.

"आई, आता बास," तो म्हणाला. "तो तबलजी बंद करायचा."

तबलजी म्हणजे शुभदाबाईंच्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेलं, काडेपेटीएवढं यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण नाशिकच्या पेशंटांनी पहिल्याच वर्षी त्याचं बारसं केलं आणि पुढे डॉक्टरही तेच नाव वापरू लागले.

शुभदाबाईंना कंपवात होता. हात थरथरणं हा त्यातला दिसणारा भाग, पण खरी अडचण दिसत नाही. निरोगी माणसाच्या मेंदूत खोलवर एक जागा असते, तिथून चालण्याचा ठेका आपोआप मिळत राहतो. आपण विचार डाळ-तांदळाचा करतो आणि पाय आपले चालतच असतात. या आजारात ती जागा हळूहळू मुकी होते. उलट तिथून एक आळशी, एकसुरी विजेची लाट उठत राहते आणि ती ब्रेकसारखं काम करते. मग माणूस चालता चालता गोठतो. विशेषतः दाराच्या उंबऱ्यात, फाटकात, अरुंद बोळात. पाय उचलायची इच्छा असते, ताकदही असते, फक्त 'आता!' असं म्हणणारं आत कोणी नसतं.

पण डॉक्टरांना एक गोष्ट फार पूर्वीपासून माहीत होती. असा गोठलेला माणूस बाहेरून ठेका मिळाला की चालू लागतो. टाळ्या वाजवा, काठी आपटा, आगगाडीच्या डब्यांसारखं 'धडक-धडक' म्हणा. कानातून आत गेलेला ठेका मेंदूतली दुसरीच वाट धरतो आणि मुक्या जागेला वळसा घालून पायांपर्यंत पोचतो. तबलजी याच वाटेचा हमरस्ता करत असे. कानामागचं बटणाएवढं यंत्र आजूबाजूचा आवाज ऐके, त्यातला ठेका शोधून काढी, आणि मेंदूत सोडलेल्या केसाइतक्या बारीक तारेतून त्याच ठेक्यात विजेचे हलके ठोके देई. ब्रेक सुटत असे.

शुभदाबाईंना हे यंत्र फार मानवलं. पलीकडच्या इमारतीतलं बांधकाम, खालच्या मजल्यावरचा मिक्सर, रस्त्यावरून जाणाऱ्या शाळकरी मुलांचे बूट, अशा कशावरही त्या चालत. कुकरच्या शिट्ट्या मात्र बेभरवशाच्या निघाल्या. तिसरी शिट्टी लांबली म्हणून त्या एकदा ओट्यासमोर एक पाय उचलून बगळ्यासारख्या उभ्या होत्या.

आता हा वरातीचा प्रकार झाला.

"बंद म्हणजे पूर्ण बंद नाही, मावशी," डॉक्टर झीनत मुकादम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "आत्ता तुमचा तबलजी उघडा आहे, जगाचं ऐकतो. आपण त्याचे कान बंद करू. मग तो आतल्या आत एकच ठेका देत राहील, शांत, सारखा, कायमचा. तुम्ही ना वरातीत जाल ना बससमोर गोठाल."

"आणि कायम एकाच वेगानं चालेन."

"हो."

"पावसाची सर आली तरी?"

"हो. तरीही."

"पुन्हा उघडायचा झाला तर?"

डॉक्टरीणबाईंनी अमोघकडे पाहिलं. "यंत्र उघडता येईल, पण मेंदू तोवर ऐकायचं सोडून देतो. या वयात ती वाट पुन्हा तयार होईलच, असं मी सांगणार नाही. गाणं तुम्हाला ऐकू येईल, आवडेल. फक्त ते पायांपर्यंत येणार नाही."

शुभदाबाईंनी कानामागच्या बटणावर बोट ठेवलं. मग विचारलं, "तबलजी बाहेरचंच का ऐकतो? आतलं नाही ऐकत?"

"चांगला प्रश्न आहे. खरं तर ऐकायला हवं. माणूस मनातल्या मनात ठेका धरतो तेव्हाही मेंदूत लाट उठते आणि ती पकडायची सोय यंत्रात आहे. पण आजवर कोणाला फारसं जमलेलं नाही. आतला ठेकाच तर या आजारात पुसट होतो ना! आणि बाहेर मोठा आवाज चालू असला, तो एकदम थांबला, की सगळ्यात वाईट. तोच आवाज परत येईल म्हणून तबलजी हात वर करून वाट बघत बसतो. तेवढ्यात माणूस पडतो."

"सोमवारीच करून टाकू," अमोघ म्हणाला.

"सोमवारी नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी," शुभदाबाई म्हणाल्या. "मधल्या शनिवारी मला इगतपुरीला जायचंय. बँकरचा कार्यक्रम आहे."

अमोघनं कपाळाला हात लावला.

बँकर म्हणजे घाटात मागून लावतात ते इंजिन. कसाऱ्याहून इगतपुरीची चढण एका इंजिनाला झेपायची नाही, म्हणून पूर्वी प्रत्येक गाडीला मागून आणखी इंजिनं जोडत. ती गाडी ढकलत वर आणत आणि माथ्यावर पोचली की गुपचूप सुटी होऊन परत फिरत. डब्यात झोपलेल्यांना पत्ताही लागत नसे. नव्या बोगद्यांतून गाड्या आता बँकरशिवाय जातात. पण सत्याऐंशी साली इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतल्या चार पोरांनी बँड काढला तेव्हा त्यांना दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. लोकांना वाटायचं ही स्टेट बँकेत नोकरीला असलेली मुलं.

गायला दिनकर घुगे, पॉइंटमनचा मुलगा. ड्रमवर ग्रेगरी फुर्ताडो, गार्डचा मुलगा. मराठीत रॉक म्हटलं की नाशिकचे जाणते लोक तेव्हा नाक मुरडायचे. "हे गाणं आहे की पत्र्याच्या शेडवर दगडफेक?" असं शुभदाबाईंच्या वडिलांनीच विचारलं होतं. शुभदाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या, तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या, वर्गातल्या तीन मुलींपैकी एक. कॉलेजच्या गॅदरिंगला बँकर आले आणि त्यांनी 'बोगदा' हे गाणं सुरू केलं. ड्रम म्हणजे धावती गाडी, गिटार म्हणजे घाटातलं वारं. गाणं ऐन भरात आलं आणि वीज गेली.

पूर्ण काळोख. गिटार मुकी, माईक मुका. आणि त्या शांततेत मागून कॉलेजच्या रेक्टरांचा खणखणीत आवाज आला:

"अरे पांडबा, जनरेटर लाव!"

'लाव'वर कॉलेजचा शिपाई पांडबा यानं खरंच जनरेटर लावला की योगायोग, कोण जाणे. पण त्याच क्षणी दिवे आले आणि त्याच क्षणी ग्रेगरीनं ड्रमवर असा काही दणका दिला की पत्र्यावर बसलेली कबुतरं उडून गेली. तेव्हापासून 'बोगदा' तसंच वाजतं. मध्ये सगळं थांबतं. प्रेक्षक एका आवाजात ओरडतात, "अरे पांडबा, जनरेटर लाव!" आणि ग्रेगरी गाण्याला पुन्हा उजेडात आणतो. त्याच्या आधी कोणी तार छेडायची नाही, हा बँडचा साठ वर्षांचा नियम. पांडबा कोण होता हे नव्या पिढीला ठाऊक नाही. त्याच्या नावाचे टी-शर्ट मात्र मिळतात.

शुभदाबाईंनी पुढे मशीन ड्रॉइंग शिकवलं, लग्न केलं, अमोघला वाढवलं, नवऱ्याला शेवटचा निरोप दिला. या सगळ्यातून बँकर कधी सुटला नाही. ठाणे, मनमाड, कोल्हापूर, कुठं ना कुठं वर्षा-दोन वर्षांनी त्या जाऊन उभ्या राहायच्या.

"ऐक," त्या अमोघला म्हणाल्या. "हा त्यांचा शेवटचा आहे. माझाही उघड्या पायांनी ऐकलेला शेवटचा असू दे. मग कर तुझं सोमवारचं."

"आणि मध्येच गोठलीस तर? त्या गाण्यात तर मुद्दाम थांबतात!"

"म्हणून तर तू येतोयस."

सौदा ठरला. डॉक्टरीणबाईंनी तबलजीचं नियंत्रण अमोघच्या फोनवर दिलं. पडद्यावर एक लाल बटण आणि खाली अक्षरं: 'लय बंद करा.' एकदा दाबलं की आत्ताच, इथंच, तबलजीचे कान मिटणार.

"गोठलीस तर मी दाबणार," अमोघ म्हणाला. "तेव्हा भांडायचं नाही."

"गोठलेली बाई भांडते कुठली?" शुभदाबाई म्हणाल्या.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. म्हाताऱ्या बँडांचे कार्यक्रम आता पाचलाच असतात. सातला संपवायचं, कारण साडेसातला निम्म्या वादकांच्या आणि निम्म्या प्रेक्षकांच्या गोळ्यांची वेळ होते. इगतपुरीच्या मैदानावर पाठ टेकायच्या खुर्च्या होत्या, जवळच स्वच्छतागृहं होती आणि गेटवर फुकट रक्तदाब तपासून मिळत होता. काळ्या टी-शर्टवर स्वेटर घातलेले आजोबा एकमेकांना शिंगं दाखवावीत तशी दोन बोटं दाखवत होते. एकजण मानेचा पट्टा लावूनच आला होता.

"काका, मान हलवायची नाही हं," त्याची सून सांगत होती.

"मग आलो कशाला? भजनाला गेलो नसतो?"

शुभदाबाईंनी सुती सलवारीवर बँकरचा टी-शर्ट घातला होता. मूळचा काळा, आता पाटीच्या रंगाचा झालेला. हातात काठी. त्यांची जागा पुढे, लोखंडी कठड्याला लागून. अमोघ शेजारी, फोन मुठीत.

आधी पुण्याचा 'दुपारी बंद' हा बँड वाजवून गेला. त्यांची गिटार अजून धारदार होती, पण दोन गाण्यांच्या मध्ये ते इतका वेळ सूचना देत होते की मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, वाजवता की मीटिंग घेता?"

मग बँकर आले. दिनकर घुगेचे खांद्यापर्यंतचे केस पांढरेशुभ्र झाले होते. ग्रेगरी फुर्ताडो डोक्यावर लोकरीची टोपी ओढून, कान झाकून आला आणि ड्रमच्या मागे बसला.

"मंडळी," दिनकर म्हणाला, "आम्ही शेवटचं वाजवतोय, असं मुलं म्हणतात. आमची नाही, आयोजकांची मुलं!"

पहिला दणका पडला आणि शुभदाबाईंच्या तबलजीनं तो झेलला. पोटऱ्यांतून वर, गुडघ्यांतून वर, कमरेपर्यंत. त्या उभ्या राहिल्या. पाय आपोआप जमीन दाबू लागले, डावा, उजवा, डावा, उजवा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दुसरं काय हवं असतं? दर दिवशी सकाळी स्वतःच्या अंगाची मनधरणी करायची आणि एखाद्या संध्याकाळी ते अंगच म्हणतं, चल. अमोघ आधी त्यांच्या पायांकडे बघत होता. तिसऱ्या गाण्याला तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागला.

शुभदाबाई मात्र ग्रेगरीकडे बघत होत्या. प्रत्येक गाण्याच्या आधी तो डाव्या हातानं मांडीवर थापट्या मारत होता, हलक्या, सारख्या. कोणाला वाटलं असतं सवय आहे. शुभदाबाईंना ती थापटी ओळखीची होती. रोज सकाळी न्हाणीघराच्या दारात उभं राहून त्या स्वतः तीच मारत.

"अमोघ," त्या म्हणाल्या, "त्यानं टोपी का घातली असेल?"

"थंडी आहे, आई."

"एवढी नाही."

मग 'बोगदा' सुरू झालं.

सगळं मैदान उठून उभं राहिलं. ज्यांना उठता येत नव्हतं ते खुर्चीच्या हातांवर वाजवू लागले. गाडी घाट चढू लागली. दिनकरचा आवाज वरच्या पट्टीला फाटत होता आणि फाटलेल्या जागेतून लोक त्यात आपापला आवाज घालत होते. गिटार उंच गेली, अजून उंच, आणि कड्यावरून उडी मारल्यासारखी थांबली.

शांतता.

शुभदाबाईंचे पाय त्याच क्षणी जमिनीला चिकटले. कमरेपासून खाली सगळं सिमेंट. हात वर करून तबलजी वाट बघत होता. दर कार्यक्रमात ही शांतता त्यांची आवडती जागा होती. आज पहिल्यांदा ती खोल वाटली.

"अरे पांडबा, जनरेटर लाव!" मैदान गर्जलं.

आणि काहीच झालं नाही.

ग्रेगरीचे दोन्ही हात वर होते, काठ्या हवेत, चेहरा गुळगुळीत, दगडी. लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा खेळवतोय. पुन्हा ओरडले, या वेळी कोणी आधी, कोणी नंतर. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी टाळ्या वाजवल्या, पण प्रत्येकाची टाळी वेगळी. दिनकर मागे वळून बघत होता आणि माईकमध्ये काहीतरी विनोद करायचा म्हणून "ग्रेगला चहा आणा रे कोणीतरी" म्हणाला. त्याच्या आवाजातली भीती शुभदाबाईंना कळली. बँडला माहीत नव्हतं. ग्रेगरीनं टोपीखाली काय आहे ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

दारात गोठलेल्या माणसाला तिघं जण तीन बाजूंनी 'चल, ये, उचल' म्हणतात तेव्हा काय होतं, हे त्या मैदानात एकाच बाईला नीट माहीत होतं. तो आवाज म्हणजे चिखल. त्यात पाय आणखी रुततो. हवी असते एकच गोष्ट, सारखी आणि सावकाश.

"आई?" अमोघनं त्यांच्या दंडाला धरलं. "आई, गोठलीस तू. मी दाबतोय."

फोनचा पडदा उजळला, लाल बटण. ते दाबलं असतं तर पाय सुटले असते, दवाखान्याच्या ठेक्यावर. पण तो ठेका 'बोगदा'चा नव्हता. पुन्हा कधीच कुठलाच ठेका 'बोगदा'चा होणार नव्हता.

"नको," शुभदाबाई म्हणाल्या. ओठ जेमतेम हलले. "थांब जरा."

"आई, तू पडशील!"

"धर मला. पण थांब."

त्यांनी डोळे मिटले. बाहेरचा गोंगाट असू दिला. आत काळोख होता, गॅदरिंगच्या रात्री होता तसाच. त्या काळोखात त्या रेक्टरांच्या आवाजाची वाट बघत उभ्या राहिल्या. साठ वर्षांत तो आवाज त्यांनी किती वेळा मनात वाजवला होता! अमोघ लहान असताना जुनी स्कूटर सकाळी सुरू व्हायची नाही, तेव्हा प्रत्येक किकला त्या हेच म्हणायच्या. अरे. पांडबा. जनरेटर. लाव. तो आठवावा लागलाच नाही, होताच तिथं. पुन्हा एकदा. पुन्हा. चौथ्या खेपेला उजव्या मनगटात काहीतरी सैल झालं.

काठी कठड्यावर पडली. टण.

त्या थांबल्या नाहीत. टण. टण. टण. घाई नाही, जोर नाही. चढणीला लागलेल्या गाडीचा वेग.

अमोघचा अंगठा बटणावर तसाच राहिला. तो आईकडे बघत होता, मग काठीकडे, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, जे शाळेला उशीर होत असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर स्कूटर फुरफुरली की येत असे.

"अरे पांडबा," तो म्हणाला, आधी हळू. मग फोन खिशात कोंबून दोन्ही हातांनी कठडा बडवायला लागला. "अरे पांडबा! जनरेटर लाव! गोंगाट सोडा, एकत्र बोला! अरे पांडबा!"

शेजारचा मानेचा पट्टावाला त्यात आला. मग त्याची सून. मग पुढची रांग, मग मधली. शिट्ट्या विरून गेल्या. जमिनीवर पाय पडू लागले, म्हातारे पाय, तरुण पाय, एकाच ठेक्यात, आणि सगळ्या मैदानाचा मिळून एकच बँकर झाला. मागून लागलेला. ढकलणारा.

ग्रेगरीच्या उजव्या हातातली काठी थरथरली.

"लाव!" मैदान म्हणालं.

काठी खाली आली.

कबुतरं नव्हती, पण असती तर नक्की उडाली असती. दिनकर उडी मारायला गेला आणि वय आठवून अर्ध्यातच थांबला. गिटार उजेडात आली, गाडी माथ्यावर आली. ग्रेगरी फुर्ताडो ऐंशीव्या वर्षी वाजवत होता आणि रडत होता आणि त्याला दोन्हींपैकी एकही थांबवायचं नव्हतं. गाणं संपता संपता त्यानं टोपी काढून ड्रमवर टाकली. कानामागचं बटण दिव्यात चमकलं. मैदानाला ते काय आहे हे कळलं नसेल. ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं. इकडे-तिकडे काही हात आपापल्या कानामागे गेले. शुभदाबाईंना वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त.

दिनकर माईकजवळ आला. "ती काठी कोणाची होती?" त्यानं विचारलं.

"माझ्या आईची!" अमोघ ओरडला, इतका मोठ्यानं की शुभदाबाईंनीच त्याला कोपरानं ढोसलं.

"लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला येऊ देत नव्हतास मला. टी-शर्टची लाज वाटायची," त्या म्हणाल्या.

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. तोच टी-शर्ट आहे."

ग्रेगरीनं दोन्ही काठ्या कपाळाला लावून त्यांच्या दिशेनं नमस्कार केला. शुभदाबाईंनी शिंगांसारखी दोन बोटं दाखवली. ती थरथरत होती. थरथरू देत.

कार्यक्रम संपला, दिवे लागले, लोक गेटकडे निघाले. गर्दी जाऊ द्यावी म्हणून मायलेक मागे थांबले. गेटपाशी पोचले तेव्हा मैदान जवळजवळ रिकामं होतं. कुठं गाणं नाही, ताशा नाही, पावलं नाहीत. आणि ते गेट अरुंद, खाली लोखंडी पट्टी, अगदी उंबऱ्यासारखी.

शुभदाबाईंचे पाय थबकले.

अमोघचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मग तो हात तिथून निघाला आणि आईच्या पाठीमागे, पाठीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

"टाळ्या वाजवू?" त्यानं विचारलं.

"नको."

"काठी आपटतेस?"

"गप्प बस जरा. आणि हात मागे घे. तो दिसतो मला न बघताही. बँकर मागे असतो, पण डब्यातल्या माणसाला कळू देत नाही."

हात मागे गेला. अमोघ मात्र तिथंच राहिला.

शुभदाबाईंनी समोरच्या पट्टीकडे पाहिलं. काठी जमिनीला टेकलेली, स्थिर. बाहेर पूर्ण शांतता होती आणि त्यांना त्या शांततेची आता भीती वाटत नव्हती. तिच्यात कधी शिरायचं आणि कधी बाहेर पडायचं हे त्यांना साठ वर्षं पाठ होतं. ओठ मिटलेलेच राहिले. डावा पाय उचलला, पट्टी ओलांडून पलीकडे पडला. मग उजवा.

"आई," अमोघ म्हणाला, "आत्ता कशावर चाललीस?"

"पांडबावर."

थोडं अंतर तो नुसताच मागून चालत राहिला. आईचा वेग वाढला की आपला वाढवत, तिचा कमी झाला की कमी करत.

"सोमवारी मुकादमबाईंकडे जायचंय ना?" त्यानं शेवटी विचारलं.

"जायचंय की," शुभदाबाई मागे न बघता म्हणाल्या. "त्यांना सांगायला नको, त्यांचं यंत्र आतलंही ऐकतं म्हणून?"

आणि गाडी लांब उभी केली होती तरी त्यांनी ती जवळ आणायला सांगितलं नाही.